जबाबदार व्यक्तीचं नाव

कोपरीत आमच्या बिल्डिंगच्या मागे कलामावशींचं पाळणाघर आहे. तळमजल्यावर दोन खोल्या, पुढे जाळी लावलेला पॅसेज आणि मागच्या गल्लीत उघडणारं एक दार. एकवीस वर्षांपूर्वी शेजारच्या नर्सबाईंची मुलगी सांभाळायला घेतली, तिथून सुरुवात झाली. आता चौदा मुलं असतात. माझा सम्यक दीड वर्षाचा असल्यापासून तिथे जातो, कारण मी ऐरोलीला नोकरी करते आणि घरी त्याला बघणारं कोणी नाही.

मावशींचं नाव कलावती. मूळच्या राजापूरकडच्या, सातवी शिकलेल्या. नवरा दौलतकाका कंपनीतून रिटायर झाल्यापासून भाजी आणतात आणि मुलांच्या चपला जोडीने लावून ठेवतात. मावशींनी कधी वही ठेवली नाही. कोणाला दूध पचत नाही, कोण कान चोळायला लागलं की झोप आलेली असते, कोणाच्या बापाकडे मूल सोपवायचं नाही, सगळं डोक्यात. त्यांना त्याचा अभिमान होता आणि तो रास्त होता.

संचिता त्यांच्याकडे ठाकुर्लीहून नऊ वर्षांपूर्वी कामाला आली. बारावी करून घरी बसलेली मुलगी. तिला बालसंगोपनाच्या डिप्लोमाला मावशींनीच बसवलं. दुपारी मुलं झोपली की तिला आतल्या खोलीत अभ्यासाला पाठवायच्या, परीक्षा असली की आठ-आठ दिवस सुट्टी द्यायच्या. शिकलीस तर इथेच उपयोग होईल, असं म्हणायच्या. तो उपयोग कसा होणार आहे, हे तेव्हा त्यांना कुठे माहीत होतं.

गेल्या वर्षी माझ्या कंपनीने कळवलं की मुलाचं पाळणाघर नोंदणी झालेलं असेल तरच फीमध्ये सवलत मिळेल. आणखी दोघी-तिघी आयांना त्यांच्या ऑफिसातून असंच सांगितलेलं. म्हणून एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन मावशींकडे गेले आणि अर्ज भरायला बसले. पत्ता, खोल्या, खिडक्या, मुलांची संख्या, सगळं झालं. मग रकाना आला, ‘केंद्राची जबाबदार व्यक्ती’. मावशी आपल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग सांगायला लागल्या. मी खालची ओळ वाचली. त्या व्यक्तीचं शिक्षण किमान बारावी हवं होतं आणि बालसंगोपनाचं प्रशिक्षणही.

मी म्हटलं, “मावशी, इथे संचिताचं नाव टाकावं लागेल.”

“आणि मी?”

तिथे निवडायला दोनच शब्द होते, मदतनीस आणि स्वयंपाकी. मी मदतनीस टाकलं आणि हे नुसतं कागदावर आहे असं सांगितलं. त्या “टाक” म्हणाल्या आणि चहा करायला आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढचं सगळं मला त्यांनी नंतर स्वतः सांगितलं, म्हणून ठाऊक.

तपासणी होणार म्हणून संचिताने काम अंगावर घेतलं. स्वयंपाकघराला छोटं फाटक बसवलं. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला. औषधं वरच्या कपाटात कुलपात गेली. लसींची वही, येण्याजाण्याची वही, ताप आला तर ती वेगळी वही. गळ्यात घालायची ओळखपत्रं छापून आणली. तिच्या कार्डावर ‘केंद्रप्रमुख’, मावशींच्या कार्डावर ‘मदतनीस’. मावशी ते उलटं करून घालायच्या, अक्षरं छातीशी आणि कोरी बाजू लोकांकडे.

प्रत्येक नवी गोष्ट त्यांना टोचायची. त्या म्हणाल्या, “तिने फाटक लावलं ते चांगलंच होतं गं. पण मला वाटायचं, म्हणजे एकवीस वर्षं मी पोरांना धोक्यात ठेवलेलं काय?”

आया संचिताला विचारायला लागल्या. डबा संपवला का, शी कशी झाली, डोस दिला का. ती वही उघडून वेळेसकट सांगायची, आणि मावशींना तेच तोंडपाठ असून कोणी विचारत नसे. सकाळी दारात कोण कोणाकडे बघून हसतं, याचा त्या हिशेब ठेवायला लागल्या. एकदा बंटीच्या आईला त्यांनी हळूच सांगितलं की दुपारी मुलं झोपली की संचिता फोनवर असते. संचिता फोनवर त्याच नोंदणीचे कागद चढवत होती आणि मावशींना ते माहीत होतं.

सगळ्यात वाईट गोष्ट त्यांनी मला मान खाली घालून सांगितली. आठ महिन्यांची एक मुलगी होती, ती फक्त मावशींच्याच खांद्यावर झोपायची. एका दुपारी मावशी मोरीतून हात पुसत आल्या तर ती संचिताच्या खांद्यावर गाढ झोपलेली. संचिताने नजरेनेच खूण केली, झोपली. मावशी पुढे झाल्या आणि तुझे हात भरून आले असतील म्हणत तिला आपल्याकडे घेतलं. ती जागी झाली आणि तासभर रडली.

“झोपलेलं पोर उठवलं मी,” त्या म्हणाल्या. “असं आजवर कधी केलं नव्हतं.”

तपासणी एका गुरुवारी ठरली. आदल्या मंगळवारी संध्याकाळी मावशींचा मोबाइल वाजला, कारण अर्जात मी त्यांचाच नंबर टाकलेला. तपासणीच्या मॅडमना गुरुवारी मीटिंग आली होती, त्या बुधवारी अकरा वाजता येणार होत्या. संचिता तेव्हा घरी गेलेली. बुधवारी सकाळी ती स्वतःचा वैद्यकीय दाखला घेऊन आणि आगीसाठीचा लाल सिलिंडर भरून एक वाजेपर्यंत येणार होती. मावशींनी तिला फोन केला नाही. काकांनाही सांगितलं नाही.

त्यांच्या मनात काही वाकडं करायचं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. एकदा तरी त्या मॅडमनी संचिता नसताना यावं आणि घर कोण चालवतं ते बघावं, एवढंच.

बुधवारी त्यांनी चांगली साडी नेसली आणि कार्ड खुंटीला अडकवून ठेवलं. संकटाच्या वेळी बाहेर पडायला दुसरी वाट मोकळी हवी हे संचिताच्या तोंडून ऐकलेलं, म्हणून मागच्या दारापाशी रचलेले खोके त्यांनी काकांकडून हलवून घेतले आणि दार उघडतं का ते बघितलं. कित्येक महिन्यांनी ते उघडलं. कडी परत लावायची राहून गेली.

मॅडम वेळेवर आल्या. जबाबदार व्यक्ती कोण, असं विचारल्यावर मावशी म्हणाल्या, मीच. मॅडमनी फाइल बघितली, तिथे दुसरं नाव होतं. मावशींनी सांगितलं की ती कामाने बाहेर गेलीय, पण चालवते मी. मग त्यांनी सगळं फिरून दाखवलं. मध्येच दोन मुलांची एका गाडीवरून मारामारी जुंपली. मावशींनी आवाज न चढवता एकाला चाकं धुवायला बसवलं आणि दुसऱ्याला पुसायला. मॅडम बघत राहिल्या आणि हसल्या. ती दहा मिनिटं आपल्याला फार बरं वाटलं, असं मावशी म्हणाल्या.

मग मॅडमनी विचारलं, “आत्ता किती मुलं हजर आहेत?”

“चौदा.”

मॅडमनी बोटाने मोजली. पुन्हा मोजली. तेरा होती.

चौदावा माझा सम्यक होता.

मोरी, कपाटामागची जागा, पलंगाखाली, सगळं बघून झालं. मग मावशींना मागचं दार दिसलं, वीतभर उघडं. त्या अनवाणी धावल्या, मागून मॅडम. गल्लीच्या टोकाला बाबुराव इस्त्रीवाल्याची टपरी आहे आणि तिच्या पलीकडे रिक्षांचा रस्ता. सम्यक टपरीला टेकून इस्त्रीतून निघणारी वाफ बघत उभा होता. बाबुरावांनी त्याला अडवून धरलेलं आणि खेळायला शर्टाचं एक बटण दिलेलं. मावशींनी त्याला उचललं. बटण त्याच्या मुठीतून मॅडमनी काढून घेतलं.

एक वाजता संचिता सिलिंडर घेऊन आली, तेव्हा मॅडम अहवाल लिहीत होत्या. केंद्रप्रमुख गैरहजर, चौदा मुलांमागे एकच बाई, वह्या दाखवल्या नाहीत, मूल आवाराबाहेर गेलं. त्यांनी विचारलं, तारीख बदलल्याचं कळवलं होतं ना?

संचिताने मावशींकडे बघितलं. मावशी एका मुलीच्या केसांतली पिन नीट करत होत्या.

“हो मॅडम,” संचिता म्हणाली. “वेळेत पोचेन असं वाटलेलं. माझी चूक झाली.”

तिने अहवालावर सही केली. नोंदणी थांबली आणि सुधारणेला पंधरा दिवस मिळाले.

मला फोन संचितानेच केला, काही न लपवता. मी ऑफिसातून तशीच निघाले आणि पाळणाघरात शिरून तिच्यावर तोंड सोडलं. जबाबदार व्यक्ती तू ना, असं मी तिला सगळ्यांसमोर विचारलं. अर्जातल्या त्या रकान्यात तिचं नाव मीच टाइप केलेलं. ती ऐकत उभी राहिली. मावशी स्वयंपाकघराच्या फाटकापलीकडेच थांबल्या. मी सम्यकला घेऊन घरी आले आणि दोन दिवस रजा टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या दारात आल्या. पाणी नको म्हणाल्या. खुर्चीवर न बसता खाली भिंतीला टेकून बसल्या आणि सगळं सांगितलं, अर्जापासून बटणापर्यंत. मला संताप आला. माझ्या मुलाचं काय झालं असतं, हे मी त्यांना बोलून दाखवलं. मग मी विचारलं, निदान त्या दिवशी मॅडमसमोर का नाही बोललात?

“खरं सांगू? तिने त्या कागदावर सही केली ना, तेव्हापण माझ्या मनात आलं, ही सही माझी असायला हवी होती. ओरडा खायचा कागद होता तो. त्याचापण मला हेवा वाटला.”

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी संचिता भांडेल, मग आपणही चार शब्द बोलू आणि मिटेल, असं त्यांना वाटलेलं. पण संचिता एवढंच म्हणाली की मावशी, अर्जात माझाही नंबर टाकते. आणि मुलांच्या डब्यांकडे वळली. तिने आपल्याला पाठीशी घातलं, याचा मावशींना जास्त राग आला होता. ती कामातही पुढे गेली आणि मोठेपणातही, असं त्यांना झालेलं. दोन रात्री जेवण गेलं नव्हतं.

मी म्हटलं, हे मला सांगून उपयोग नाही. सम्यकला मी सोमवारी परत पाठवलं. दुसरं पाळणाघर शोधलं नव्हतं असं नाही, पण त्याला तिथेच जायचं होतं, आणि मावशी माझ्याकडे आपणहून येऊन बसल्या होत्या, तेही माझ्या मनात होतं.

पंधरा दिवसांत सगुणा नावाची आणखी एक बाई कामाला ठेवली. मागच्या दाराला वर, मोठ्यांच्याच हाताला लागेल अशी कडी बसली. दुसऱ्या तपासणीला मॅडमनी न सांगता शिटी वाजवली आणि आग लागलीय असं समजून मुलांना बाहेर काढायला सांगितलं. संचिताने दोरी धरली, मुलांनी दोरीच्या गाठी धरल्या, मावशींनी रांगणाऱ्या दोघांना कडेवर घेतलं आणि सगळे गल्लीत आले. चौदाच्या चौदा.

मॅडम कागद आवरत होत्या तेव्हा मावशी पुढे झाल्या. मागच्या वेळचा फोन आपल्याला आला होता आणि आपण तो हिला सांगितला नाही, असं त्या उभ्या उभ्या म्हणाल्या. संचिता म्हणाली, मावशी, आता कशाला ते. मॅडमनी दोघींकडे बघितलं. जुना अहवाल बदलता येणार नाही, पण शेरा जोडता येईल, असं सांगून त्यांनी एक ओळ लिहिली आणि खाली मावशींची सही घेतली. मावशींनी पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर.

पुढच्या महिन्यात नोंदणी झाली. प्रमाणपत्रावर नाव संचिताचंच आहे. दोघी आता बोलतात, भांडतात, एकमेकींच्या डब्यातलं खातात. मावशींचं जळणं संपलं, असं मात्र मी म्हणणार नाही. सम्यक आता शाळेत जातो आणि दुपारनंतरच तिथे असतो. परवा मी त्याला न्यायला गेले, तर मावशी त्याच्या बुटाचा पट्टा लावता लावता मला म्हणाल्या, “घरी आल्यावर हा कोणाचं नाव काढतो गं?”

मी म्हटलं, “दोघींचं.”

“म्हणजे तिचंच,” त्या म्हणाल्या, आणि दुसरा बूट हातात घेतला.