स्वच्छ पाण्याचा धडा

मुलांसाठी लिहायचं तर सोपं लिहावं, असं जो उठतो तो मला सांगतो. शरीराची ओळख, हवा-पाण्याची ओळख, सगळं कसं हसतखेळत व्हावं म्हणे. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. असंच एक सोपं पुस्तक मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं आणि त्यातल्या एका वाक्यापायी माझ्या वर्गातली एक मुलगी पायानं अधू झाली. वाक्य पुस्तकाचं होतं, पण ते तिच्या घरात पोचवलं मी.

दुसरं महायुद्ध चालू होतं. मी सांगलीची, कृष्णाकाठी वाढलेली. पावसाळ्यात नदीचं पाणी चहासारखं यायचं. आई त्यात तुरटी फिरवायची आणि सकाळपर्यंत हंड्यात वर नितळ पाणी यायचं. नितळ म्हणजे चांगलं, एवढं पाण्याचं ज्ञान घेऊन मी मास्तरीण झाले आणि सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला, माणदेशातल्या एका गावात नेमणुकीवर गेले. तिथल्या ओढ्यांतून पाणी कमी आणि वाळूच जास्त. पण गावाला पायऱ्यांची एक जुनी विहीर होती आणि गावाला तिचा फार अभिमान. पाणी इतकं नितळ की बुडालेल्या पायऱ्यासुद्धा मोजाव्यात. आत कोनाड्यात देव, म्हणून वहाणा वर काढायच्या, अनवाणी खाली उतरायचं आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून घागर बुडवायची.

पुस्तकात काळीज होतं, फुप्फुसं होती, गुबगुबीत गालांचा एक मुलगा होता. आहाराच्या धड्यात सफरचंद होतं. माझ्या वर्गात सफरचंद पाहिलेलं एकही पोर नव्हतं. पाण्याचा धडा दीड पानाचा. ज्या पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, ते पाणी स्वच्छ आणि पिण्यास योग्य. हे मी साऱ्या वर्गाकडून घोकून घेतलं, चावडीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

वर्गात मुली तीनच. त्यातली एक धनगराची, दहा-अकरा वर्षांची. तिचे आईबाप पावसाळ्याचे चार महिने गावाबाहेर पालं टाकून राहायचे आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेकडे निघायचे, ते थेट पुढच्या पावसाला परत. त्या चार महिन्यांत ही मुलगी वर्षाचा अभ्यास गिळायची. असं पोर मी पुढं फारसं पाहिलं नाही. पाण्याचा धडा झाला तेव्हा तिनं हात वर केला. तिची आई ओढ्याच्या वाळूत खड्डा करून त्यात पाझरणारं पाणी वाटीनं भरून आणायची. झिरा म्हणतात त्याला. ते पाणी जरा गढूळ असायचं आणि मचूळ लागायचं.

"बाई, मग आमच्या झिऱ्याचं पानी वंगाळ म्हनायचं?"

"वंगाळच," मी म्हणाले. "आईला सांग, उद्यापासून विहिरीचं आण."

दुसऱ्या दिवशी तिची आई दोन घागरी घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरताना दिसली. पालापासून विहीर चांगली लांब, तरी ती आली होती. आपला धडा एका घरात पोचला म्हणून मला काय आनंद झाला! तो आनंद आठवला की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

ती माणसं दिवाळीनंतर गेली आणि पुढच्या पावसाळ्यात परत आली. श्रावणात मुलीच्या घोट्यावर फोड आला, फुटला, आणि त्यातून दोऱ्यासारखा पांढरा किडा डोकावू लागला. नारू. गावाला ह्याचं नवल नव्हतं. कुणी म्हणायचं उष्णता, कुणी म्हणायचं देवाचा कोप. नारूची आग थांबावी म्हणून माणसं विहिरीच्या खालच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसायची, गप्पा मारायची. हिच्या आईनंही हिला पाठीवर आणून तिथंच बसवलं. नारू काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा असतो. चुलत्याला धीर निघाला नाही. त्यानं हिसका दिला आणि नारू आत तुटला. पाय मांडीपर्यंत सुजला, पू झाला, आणि गुडघा दुमडला तो सरळ होईना.

गणपतीच्या सुटीत मी साताऱ्याला ओळखीच्या एका वयस्कर डॉक्टरांकडे गेले, औषध विचारायला. औषध नाही म्हणाले. मग कागद ओढून त्यांनी चित्र काढलं. नारू झालेला पाय पाण्यात गेला की नारू आपली पिलं पाण्यात सोडतो. पाण्यातले डोळ्याला जेमतेम दिसणारे किडे त्या पिलांना खातात. ते पाणी माणूस पितो. नारू वर्षभर आत वाढतो आणि पायातून बाहेर येतो. माणसाला आग होते, तो पुन्हा पाय पाण्यात घालतो. जाड कापड दुहेरी करून पाणी गाळलं, की संपलं.

"आणि झिऱ्याचं पाणी?" मी विचारलं.

"ते वाळूतून गाळून येतं. वाटीनं भरतात, त्यात पाय कोण घालतो? त्याला नारूचं भय नाही."

मी तिथंच रडले. मग चिडून विचारलं, हे पुस्तकात का नाही? ते शांतपणे म्हणाले, "पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी नारू नाही."

गावात परतले ती धुमसतच. आणि पहाटे विहिरीवर काय पाहिलं, तर गुरव देवाची घागर भरत होता, घागरीच्या तोंडाला सोवळ्याचं दुहेरी फडकं बांधून. वर्षभर रोज पाहत होते मी ते. त्या घागरीतलं पाणी देवाला आणि त्याच्या घरालाही. त्याच्या घरात नारू झाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. देवाचं पाणी गाळायचं आणि माणसांनी तसंच प्यायचं! चावडीवर जाऊन सांगितलं, घरोघरी फडकं बांधा आणि नारूवाल्याला पाण्यात उतरू देऊ नका. पाटील म्हणाले, "देवाच्या हिरीत घान हाय म्हंता व्हय, बाई?" सगळे हसले. मी नारूचा धडा लिहून वर्गात शिकवू लागले, तर तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर तांबडी रेघ मारली. मुलांच्या मनावर असलं किळसवाणं काही घालू नये म्हणे. मुलांच्या पायात असलं तरी चालेल, मनावर नको!

दिवाळी जवळ आली तशी मी पालावर गेले आणि मुलीच्या आईला सगळं सांगितलं. तुमचं पाणी चांगलं होतं. मी चुकीचं शिकवलं.

ती मेंढीचं दूध काढत होती. हात थांबले.

"म्हंजी झिऱ्याचं पानी बरं व्हतं?"

"हो."

"आन तुमी हिरीचं प्या म्हनला. आवं बाई, आमास्नी न्हाई कळत, पर तुमी तर शिकल्याली मानसं!" तिचा आवाज चढला. "ही पोर दिसाला चार-चार कोस चालायची मेंढरामागं. आता? घोड्यावर सामान घालू का पोरगी?"

मी मान खाली घालून पालावरून परतले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं शाळेवरून निघाली. आई वाटेतून वळली. पाठीवरची मुलगी तिनं शाळेच्या ओट्यावर ठेवली, शेजारी घोंगडं ठेवलं.

"तुमच्या पुस्तकानं बसीवली तिला," ती म्हणाली. "आता तुमीच संबाळा. पावसाला येतो आमी."

ती मागं न बघता चालू लागली. मुलगी रडली नाही. धूळ खाली बसेपर्यंत ती रस्त्याकडे बघत होती. ऊन वर आलं तेव्हा मी तांब्या भरून तिच्यासमोर धरला. तिला तहान लागलेली दिसत होती. तिनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला, तोंडाशी नेला आणि तसाच खाली आणला.

"बाई," तिनं विचारलं, "हे पानी कुठलं?"

विहिरीचं, पण मी स्वतः गाळलेलं, मी म्हणाले. लुगड्याचं जाड फडकं दुहेरी करून. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, तांब्या ओट्यावर ठेवला, आणि म्हणाली, "माझ्यासमोर गाळा."