वहिनी सांगायच्या, मुक्ता ऐकायची

वहिनी गेल्याचा फोन आधी माझ्या मुलीला, मुक्ताला आला. मला तिच्याकडून कळलं. सख्खी जाऊ मी, पण कुणाला आधी कळवायचं हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. महिना उलटला, तरी हे मनातून जात नाही...

वहिनी डोंबिवलीला, आम्ही ठाण्यात, वर्तकनगरला. सकाळचा दुसरा चहा झाला की वहिनी ज्ञानकोशाचा जाडजूड खंड मांडीवर घेऊन बसायच्या. रोज दोन पानं. घरात पाहुणे असोत, कार्य असो, त्यात खंड नाही. आणि वाचलेलं दिवस मावळायच्या आत कुणाला तरी सांगायचं, नाहीतर ते आपलं होत नाही, असा त्यांचा दंडक. भाऊजींनी कधीच कानांवर हात ठेवले होते, म्हणून मुक्ता सापडली. तेव्हा ती शाळेत होती. पुढे तिला घोडबंदर रोडला नोकरी लागली. संध्याकाळी गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली की ही काकूला फोन लावायची. ज्वालामुखी, मधमाश्या, डोंगरातून बोगदे कसे खणतात... गप्पा संपायच्या नाहीत. मला फोन यायचा तो एवढाच, "आई, उशीर होईल, जेवून घे." पोरगी माझी आणि तिचे कान डोंबिवलीला! जळफळाट व्हायचा माझा. एकदा म्हटलंही, "वहिनी, घरी येईपर्यंत तिच्याकडे बोलायला काही उरतच नाही हो." त्या हसल्या. म्हणाल्या, "अगं, मग तूही वाच ना. दोन पानं तर असतात." वर हा शहाणपणा!

दिवसकार्य आटोपल्यावर भाऊजी म्हणाले, "आठवण म्हणून काहीतरी घेऊन जा." धाकट्या नणंदेनं पैठणी घेतली. मी वहिनींच्या उशाशी असलेला तो खंड उचलला. 'ज'वर खूण होती, दुधाच्या पिशवीचा धुऊन कापलेला तुकडा. वहिनी इथवर आल्या होत्या, म्हणजे इथून पुढचं मुक्ताला ठाऊक नसणार. आता माझी पाळी होती. चष्मा लावून आठवडाभर वाचलं, घोकलं. परवा संध्याकाळी मीच तिला फोन लावला.

"मुक्ता, जिराफाची मान एवढी लांब, पण तिच्यात हाडं किती माहितीये? आपल्याइतकीच!"

"सात. आई, हे काकूनं सांगितलेलं मला, कॉलेजात असताना."

"कसं शक्य आहे? त्यांची खूण तर इथेच आहे."

"अगं, तिची दुसरी फेरी चाललेली. सगळे खंड संपवून पुन्हा पहिल्यापासून."

"मग इतके दिवस तुला तेच ते ऐकवत होत्या?"

"हो. आपण हे आधी सांगितलंय, हे तिच्या लक्षातच नसायचं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"नाही गं... एवढी रंगून सांगायची ती."

मागे हॉर्न वाजत होते. मी पुढचं पान उघडं धरून बसले होते. मला मात्र तिनं पहिल्याच वाक्याला अडवलं होतं.