सुजाताच्या नावावरच्या पुरणपोळ्या

गाव सोडलं त्या सकाळी आमच्या फाट्यावर माझ्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन, खाली माझं पूर्ण नाव, मागे निळ्या आकाशात विमान. सुजाताचा फोटो खालच्या कोपऱ्यात, आधार कार्डावर असतो तेवढा. आयर्लंडच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी तिला लागली होती. इंग्रजीची परीक्षा तिनं दिली होती, कल्याणच्या हॉस्पिटलातल्या ड्युट्या करून, घरी पोराला मांडीवर घेऊन. माझा व्हिसा तिच्या व्हिसाला लटकलेला होता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

चुलत्यांनी हार माझ्या गळ्यात घातला. सुजाता जीपच्या दाराशी आरवला कडेवर घेऊन उभी होती. बाबा जीपवाल्याला सांगत होते, "पोराला तिकडच्या कंपनीनं बोलावलाय." मी ते ऐकलं आणि गळ्यातला हार नीट केला. आयचं लक्ष फक्त पिशव्यांवर. वाल, तांदळाचं पीठ, घरची हळद, आणि मध्येच दडवलेली सुकट, जी सुजातानं हळूच बाहेर काढून ठेवली. निघताना आय तिला म्हणाली, "याला नीट खायला घाल गो."

सिद्धगडाचा डोंगर मागे पडला, मुरबाड गेलं. मी काचेतून बाहेर बघत राहिलो. रडू आलं नाही. आता बाबांनी सांगितलंय तशी कंपनी शोधायला लागेल, एवढंच डोक्यात होतं.

कंपनी मिळाली नाही. मुरबाडच्या एमआयडीसीत मी सुपरवायझर होतो, हाताखाली माणसं होती. इथे इंटरव्ह्यूला समोरचा माणूस काय बोलतो तेच अर्धं कळेना. एका गोडाऊनमध्ये काम मिळत होतं, पण ते रात्रीचं, आणि सुजाताचा रोटा, म्हणजे ड्युट्यांच्या वेळा, दर आठवड्याला बदलायचा. दोघंही बाहेर गेलो तर आरवला कोण बघणार? पाळणाघराची फी ऐकून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मग सुजाता म्हणाली, "थोडे दिवस तुम्ही घरी थांबा." थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष झालं.

मला चहासुद्धा धड येत नव्हता. गावात पुरुषानं चुलीपुढे बसायचं ते लग्नाच्या पंगतीच्या आचाऱ्यासारखं, चार लोकांत, मोठ्या पातेल्यासमोर. घरच्या भाताला हात लावला तर आयच हाकलायची. ख्रिसमसला सुजाता ड्युटीवर होती, दुकानं बंद, बाहेर दुपारीच अंधारून आलेलं. मी आणि आरवनं करपलेली भाकरी आणि कडवट वाल खाल्ले. वालाला मोड आणायचे असतात आणि सालं काढायची असतात, हे माहीत नव्हतं. आरव काही न बोलता भाकरीचा मधला मऊ भाग तेवढा खात राहिला. ते त्याचं गप्प खाणं मला फार लागलं.

संक्रांतीपर्यंत भाजी जमायला लागली. शिमग्याला ठरवलं, पुरणपोळी करायची. पहिली पोळी तव्यावर फुटली, दुसरी पोळपाटावरच. आयला फोन लावला आणि तोंडातून आपोआप निघालं, "सुजाता विचारते, पोळी फुटते, काय करू?"

"तिला सांग, कणीक सैल मळ, तेलाचा हात लाव आन झाकून ठेव. पुरण कोरडं पायजे."

फोन फळीवर ठेवून आय सांगेल तसं मी करत गेलो.

"लाटते काय आता?"

"हो."

"हळू हातानं म्हणावं. जोर नको करू."

सुजाता तेव्हा हॉस्पिटलात कुणा म्हातारीला अंघोळ घालत असेल. ती घरी आली, ड्युटीचे बूट काढत होती, तेवढ्यात बाबांचा फोन आला. शिमगा केलात काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो, सुजातानं पोळ्या केल्या." बाबा खूश झाले. "सून परदेशात जाऊन पण विसरली नाय," असं मागे कुणाला तरी सांगितलेलंही ऐकू आलं.

सुजातानं दोन पोळ्या खाल्ल्या, दूध घेऊन. चांगल्या झाल्यात म्हणाली. मग ताट उचलताना, आवाज न चढवता म्हणाली, "माझ्या नावावर पोळ्या खपवल्यात, चालेल. पण मी दिवसभर उभी होते ते कुणाच्या नावावर गेलं? तिकडे सगळ्यांना वाटतं, मी इथे तुम्हाला पोळ्या करून घालते."

मी भांडी घासायला घेतली. तोपर्यंत मला मी घरी बसतो याचीच लाज वाटायची. त्या दिवसापासून त्या लाजेखाली दुसरी एक लाज बसली, आणि ती जास्त जड होती. माझी अब्रू राहावी म्हणून मी तिची मेहनत झाकत होतो, आणि बाबांना तर त्यातलं काही दिसतही नव्हतं.

तरीही बोलायचं धाडस व्हायला पावसाळा सरत आला. जूनमध्ये आयनं शेवळांचा, पहिल्या पावसात उगवणाऱ्या रानभाजीचा, फोटो पाठवला, जुडी हातात धरून. मी तो दिवसभर उघडून बघत होतो. तुमच्यापैकी जे बाहेर गेलेत त्यांना हे कळेल. भूक नसतेच ती. आपलं नाव हजेरीतून कमी झाल्यासारखं वाटतं.

ओणमला शेजारच्या बिजूनं आम्हाला हॉलवर बोलावलं. तो केरळचा, त्याची बायको सुजाताच्याच वॉर्डात. हॉलच्या किचनमध्ये सगळे नवरेच. कोणी नारळ खवतोय, कोणी केळी तळतोय, आणि मोठमोठ्यानं हसतायत. एकानं मला सुरी दिली आणि विचारलं, "तू काय करतोस?" मी म्हटलं, "घरी असतो." तो म्हणाला, "मीपण दोन वर्षं होतो. गाजर जरा बारीक काप." एवढंच. माझं वाक्य गाजरांबरोबर पातेल्यात गेलं. पहिल्यांदाच ते मोठ्यानं बोललो होतो आणि काहीही कोसळलं नव्हतं.

त्या जोरावर गणपतीत चुकलो. चुकलो की बरोबर केलं, ते मला अजून ठरवता येत नाही. सुजाता ड्युटीवर होती. मी मोदक उकडत होतो आणि गावाहून व्हिडिओ कॉल आला. ओटीवर सगळं भाऊबंद जमलेलं, टाळ हातात. चुलत्यांनी विचारलं, "रजा दिली काय रे सायबानं?"

"रजा नाय काका. मी घरीच असतो. नोकरी सुजाता करते. मी जेवण करतो आन पोराला बघतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे मोदक पण हाच वळतो!" आणि हशा झाला. बाबांनी फोन घेतला. पडद्यावर त्यांचा चेहरा नाही, घराचं छत दिसलं, मखराच्या माळेचे लाल-हिरवे दिवे दिसले आणि फोन बंद झाला.

त्यानंतर बाबा फोनवर आले नाहीत. "शेतावर गेलेत," आय दर वेळी सांगायची. एकदा तिला विचारलं, तू पण रागावलीस काय? ती म्हणाली, "मला शिमग्यालाच कळलं होतं. लाटण्याचा आवाज तुझ्या तोंडापाशी येत होता." पुढे म्हणाली, "पण तू एकट्या बाबांना सांगायचं होतंस रे. भरल्या घरात नाय." खरं होतं. मी माझं ओझं उतरवलं ते थेट त्यांच्या डोक्यावर, गणपतीसमोर, चारचौघांत. माझी लाज मी घरात लपवली होती. त्यांना लपवायलाही जागा ठेवली नव्हती.

दिवाळीच्या आधी आय बांधावरून घसरली. मनगट मोडलं, प्लॅस्टर घातलं. चुलती डबा देत होती, पण कापणीचे दिवस, तिचंच घर सकाळपासून शेतात.

दिवाळीच्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. तिकडे दिवे लागायची वेळ. पडद्यावर बाबा, आमच्या स्वयंपाकघरात, हातात पातेलं.

"जेवलात काय?" त्यांनी विचारलं.

"व्हायचंय."

मग खालच्या आवाजात, "भाताला पाणी किती घालायचं रे?"

"आयला विचारलं नाय?"

"ती म्हणते अंदाजानं घाला. अंदाज कुठून आणू?"

आतून आयचा आवाज आला, "वर्षानुवर्षं जेवतायत, अंदाज नाय म्हणतात!"

"तांदूळ नवा की जुना?" मी विचारलं.

"यंदाचाच. काल भरडून आणलाय."

"मग पाणी कमी. आधी तांदूळ धुवा. मग बोट उभं धरा, तांदळावर पेरभर पाणी आलं की बस."

बाबांनी फोन डब्याला टेकवून ठेवला. त्यांचं ते जाड, चिखलानं काळं पडलेलं बोट पाण्यात गेलं. फार सांभाळून, पाणी मोडेल की काय अशा बेतानं. मी तिकडे बघू शकलो नाही. या माणसानं फाट्यावर उभं राहून माझ्यासाठी एक खोटी कंपनी उभी केली होती, आणि ती मोडल्यावर त्यालाच लोकांत फिरायचं होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते गॅस पेटवत होते.

झाकण ठेवून ते पाटावर बसले. आमच्याकडे आरवनं विचारलं, आजोबा काय करतात? मी म्हटलं, भात करतात. त्याला त्यात काहीच नवल वाटलं नाही. तो परत खेळायला गेला.

"सुजाता कामावर?" बाबांनी विचारलं. कामावर हा शब्द त्यांनी तिच्यासाठी पहिल्यांदाच वापरला.

"हो. आज लांबची ड्युटी आहे."

"सणाला पण?"

"सणाला पण."

बाबांनी मान हलवली. मग दाराकडे एकदा बघून म्हणाले, "हे मी चुलीपाशी बसलो ते कोणाला बोलू नको."

ते तिकडे राहिले, आम्ही इकडे आलो. घर कुठलं, असं आता कोणी विचारलं तर मला मुरबाडची वाट सांगता येते, इथला पत्ताही सांगता येतो, पण दोन्ही सांगून झालं तरी काहीतरी उरतं. त्या दुपारी मला तेवढंच कळलं, की जिथे आपली लाज माहीत असलेलं माणूस समोर बसून भात शिजायची वाट बघतं, तिथे आपण घरी असतो. माझी लाज गेलेली नाही. फाट्यावर परत उतरेन तेव्हा मान खाली असेलच.

"नाय बोलत" असं माझ्या ओठावर आलं होतं. वर्षभर तेच तर करत आलो होतो. मी म्हटलं, "बोललो तर काय होईल, बाबा?"

झाकण थडथडायला लागलं, फेस बाहेर आला.

"बघू," बाबा उठत म्हणाले. "आता आच कमी करू काय?"