शेठचं जुनं माप

अकोल्यात कापड विकणारे रगड झाले. पण आलेल्या गिऱ्हाइकाला कापड न विकता परत पाठवणारा दुकानदार मी एकच पाहिला, आणि त्याच्याच ओट्यावर मी चाळीस वर्षं शिलाई मशीन चालवली. इंग्रजांच्या वक्ताची आमची पेठ. तिथं या दुकानदाराच्या आजानं टाकलेलं ते दुकान. आजा म्हणे कचेरीतल्या साहेबाला खाकी ड्रील विकायचा. नातवाला सगळे शेठ म्हणत, मीही म्हणायचो, पण घरी काळी जमीन होती आणि शेठ मनातून कास्तकारच राहिले. दसऱ्याआधी हंगामाचा नवा माल आला की गठ्ठे फोडायचा मान ते कोणाला देत नसत. पहिलं ठाण उघडायचे, डोळे मिटून हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचे, मग त्यात तोंड खुपसून वास घ्यायचे. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "शेठ, कापड हाय का शिरा?" शेठ म्हणाले, "शिरा असता तं तुले दाखवला असता काय?"

रंग दाखवायची त्यांची तऱ्हाही न्यारी. गिऱ्हाइकाचं मनगट धरून त्याला भर रस्त्यात उन्हात उभं करायचे, खांद्यावर कापड टाकायचे आणि ऑटोवाले भोंगे वाजवत असताना चारी बाजूंनी फिरून पाहायचे. नाही पटलं की, "हे तुले खुलून दिसत नाही, घरी जा," म्हणून मोकळे. मी मशीनवरून म्हणायचो, "शेठ, त्याले कापड पाहिजे, पोरगी नाही." ते म्हणायचे, "तू टीप मार."

एका लगनसराईत दर्यापूरकडची पंचवीस माणसं बस्ता बांधायला आली. लग्नाचं सगळं कापड एकाच दुकानातून, म्हणजे दुकानदाराचा तो दिवस सोन्याचा. मामा शालू निवडत होता, आत्या निवडत होती, नवरी खांबाला टेकून बसलेली. शेठ तिच्यापुढं जाऊन बसले. "माय, तुले कोणता आवडला?" तिनं मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "तिले काय पुसता शेठ, आमी हावो ना." शेठनं मामाच्या मांडीवरचा शालू उचलला, घडी घातली. "मंग तुमीच नेसा." अख्खा बस्ता उठून समोरच्या दुकानात गेला. शेठनं डबा उघडला आणि निवांत जेवले.

आहेराच्या कापडाचं तर त्यांना वेडच. आमच्याकडे आहेरात मिळालेला शर्टपीस कोणी शिवत नाही. तो पुढच्या लग्नात दुसऱ्याला, तिथून तिसऱ्याला. साडूच्या घरच्या लग्नात शेठना असाच एक मिळाला, आणि त्यांनी मांडवातच घडी मोडली. तीन हंगामांमागं स्वतःच फाडलेला तुकडा त्यांनी काठावरून ओळखला. तो तुकडा साडूपुढं धरून म्हणाले, "हे पोरगं अजून कुवारंच काहून?" मोहरीच्या रंगाचं ते भयाण कापड घेऊन तडक माझ्याकडे आले. "शिव मास्तर. याले अंग भेटू दे." तो शर्ट त्यांनी फाटेस्तोवर घातला. लोक हसायचे. मी शिवलेला म्हणून मला राग यायचा, शेठना नाही.

अशा माणसाशी मी दोन दसरे बोललो नाही.

झालं असं की त्यांच्या मुलानं अमरावतीहून तयार शर्टांचे गठ्ठे आणले. त्याचं काही चुकलं नव्हतं. शिवून घालणारं गिऱ्हाईक उरलं कुठं होतं? पण ते शर्ट त्यानं ओट्यावर, बरोबर माझ्या मशीनच्या डोक्यावर टांगले. आणि दसऱ्याच्या दिवशी शेठ स्वतः त्यातलाच एक घालून आले.

"पोरानं हौसेनं देल्ला, मास्तर," ते म्हणाले.

"घाला ना. खांदा उतरला हाय, पण घाला."

मी मशीन ऑटोत टाकली. "काहून असं करून राह्यला?" म्हणत ते ऑटोमागं दोन पावलं आले. मी वळून पाहिलं नाही. त्यानंतर पेठेत जायचं झालं तर मागच्या बोळीनं जायचो. त्यांना वाटे मी यावं, मला वाटे त्यांनी यावं. घरी मशीन होती, पण टीप मारताना कोणी टोकणारं नव्हतं.

मग एका दिवाळीच्या तोंडावर त्यांचा मुलगा पांढरं कापड घेऊन माझ्या घरी आला. "काका, बाबांनी पाठवलं. जुन्या मापानं शिवा म्हणाले."

"ते काहून नाही आले?"

"दुकानात येत नाहीत आता. पोटाचा आजार हाय. जेवण जात नाही."

एवढं ऐकल्यावर कोणताही शिंपी समजतो. टेप घेऊन निघायला पाहिजे होतं. पण माप घ्यायला जाणं म्हणजे त्यांच्या दारी जाणं, आणि माझे पाय उठेनात. जुनं माप म्हणाले ना, मग जुनंच. छाती अडतीस, बाही तेवीस, मला पाठ होतं. शर्ट शिवला, काज हातानं केले आणि मुलाच्या हाती पाठवून दिला.

दोन दिवसांनी तो भाजीबाजारात भेटला. "बाबा म्हणाले, झकास झाला." मग चाचरत म्हणाला, "काका, बाह्या बोटांवर येतात. खांदे दंडावर उतरतात. पण मास्तराले सांगू नका म्हणून त्यांनी आईले बजावलं."

मी भाजी न घेताच घरी आलो, टेप घेतला आणि पुढच्या रस्त्यानं शेठच्या घरी गेलो.

शेठ पलंगावर तोच शर्ट घालून बसले होते. शर्टात माणूस शोधावा लागत होता. मला पाहून उठू लागले.

"बसा," मी म्हणालो. "बाही लांब झाली जराशी. नजर गेली माही."

"तुही नजर कायले जाते? मीच आटलो."

उभं राहवेना म्हणून बसल्या बसल्याच माप घेतलं. टेप पाठीमागून फिरवून छातीवर आणला. आकडा बत्तीसवर आला.

"किती भरली?"

जन्मात मी कोणाला खोटं माप सांगितलं नव्हतं. "अडतीस. हाय तेवढीच."

शेठनं बोटांवर आलेली बाही मागं सारली. मग म्हणाले, "मंग चांगलं हाय. चहा घेऊन जा."

दोन वर्षांबद्दल ते बोलले नाहीत, मीही नाही. चहा मात्र दोनदा झाला.

दुसऱ्या दिवशी मी तो शर्ट उसवून बत्तीसचा केला. जास्तीचं कापड कापलं नाही, दोन्ही बाजूंनी आत दुमडून ठेवलं. म्हटलं, अन्न जायला लागलं की सोडता येईल. दिवाळीच्या पाडव्याला शेठ तो घालून तासभर दुकानात बसले. जो येईल त्याला सांगत होते, "मास्तरानं शिवला. अडतीस छाती."

लगनसराई लागायच्या आधीच ते गेले. तेरवीनंतर वहिनींनी शर्ट धुऊन, घडी करून माझ्या हाती दिला. "भाऊजी, तुमीच घाला. त्यायले बरं वाटन." माझी छाती खरंच अडतीस आहे. आतलं कापड सोडलं तर मला बरोबर बसेल, दहा मिनिटांचं काम आहे. दोनदा शर्ट मशीनवर घेतला, कात्रीही हातात धरली. अजून उसवला नाही.