रविवारची धडधड

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी साहेबानं माझी धडधड पडद्यावर लावली.

आम्ही सगळे खाणीत डंपर चालवणारे. मनगटावर कंपनीचा पट्टा. तो नाडी मोजते, झोप मोजते. डोळा लागून गाडी खाली जाऊ नये म्हणून पट्टा, असं कंपनीनं सांगितलं होतं. घरीही काढायचा नाई. सुट्टीतही नाई. साहेबाच्या मनगटावर मात्र साधी, वेळ सांगणारी घडी होती.

पडद्यावर माझं नाव. रविवारच्या दुपारी रेघ एकदम वर चढलेली.

"काय रे, भर दुपारी? बायकोला जरा आराम देत जा," साहेब म्हणाला. "तुम्हा मासे धरणाऱ्या ढिवरांना तळं आणि बायको, याशिवाय काही सुचतं की नाही?"

सगळे हसले. माझ्या डब्यातली भाजी खाणारा, तोही हसला.

मी खाली पाहत राह्यलो. कान तापले.

रविवारी मी गावी होतो, चामोर्शीकडे. धानाची रोवणी सुरू होती. बायको चिखलात वाकून रोवत होती. तिले तिसरा महिना. आधीचं एक गेलं होतं, म्हणून ती म्हणाली होती, "एवढ्यात कोणाले सांगू नका." मी मायलेही सांगितलं नव्हतं. एकाएकी ती बांधावर बसली. लुगडं लाल झालेलं. मी तिले दोन्ही हातांवर उचललं आन् सडकेपर्यंत पळालो. दवाखान्यात पोचलो तोवर लेकरू गेलं होतं.

तेच पळणं पडद्यावर होतं.

"अरे सांग तरी, काय चाललं होतं?" साहेबानं पुन्हा विचारलं.

सांगितलं असतं तर हसू थांबलं असतं. कोणी खांद्यावर हात ठेवला असता. पण मग आमचं दुःखही त्यायचंच झालं असतं.

मी पट्टा काढून टेबलावर ठेवला. "सांगणार नाई साहेब. ते मिटवा."

"पट्टा नाही तर गाडी नाही." त्यानं चावी मागितली. मी दिली.

ती रेघ मिटवायले सांगाले कम्प्युटरवाल्या बाईंकडे गेलो. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, माझ्या हातात नाई. सगळं वरच्या हापिसात जमा होते."

"वरचं म्हणजे कुठी?"

"मलेही नाई माहीत."

आता मी सडकेच्या कामावर गिट्टी भरायले जातो. बायको कमी बोलते. एक दिवस तिनं विचारलं, "काम काऊन सोडलं?" मी सगळं सांगितलं. पडदा, रेघ, हसणं. तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. मग म्हणाली, "मागून आणा ते. आपलं हाय."

कुठून मागू? गेटवर जातो. पहारेकरी आत सोडत नाई. साहेब गाडीची काच खाली करत नाई. माझ्या बायकोची ती दुपार कोणत्या गावच्या कोणत्या मशिनीत पडून हाय, मले ठाऊक नाई.

आज हे सांगून राह्यलो, ते तिले विचारून. तिनं हो म्हटलं म्हणून.

साहेबानं कोणाले विचारलं होतं?

मिटवत नाईत तोवर मी गेटवर जाईन. हाकला. पुन्हा येईन.

आन् माझ्या आंगाले यापुढं काही बांधायचं असन, तं आधी मले विचारावं लागन. माझं उत्तर आत्ताच ऐकून ठेवा. नाई.