संगणकाने विचारलं, जेवले का?

मंडळी, कोडिंगच्या क्लासला विटलेली माझी पुतणी सुट्टीत रिसोडला माझ्याकडे, म्हणजे निवृत्त संस्कृत शिक्षकाकडे आली, ती लॅपटॉपकडे पाठ करूनच. आज सकाळी मात्र माझ्या जुन्या संगणकासमोर एकटीच हसत बसलेली!

"काय करून राह्यली गं?"

"प्रोग्राम लिहून राह्यली काका, तुमचं संस्कृत इथं नाही चालत. मार्कांसाठी नाही ना, म्हणून लई मजा येऊन राह्यली!"

अकराच्या एसटीने ती गेली. घर पुन्हा मौनव्रतात.

जेवणाच्या वेळी संगणक वाजला. पडद्यावर प्रश्न: "काका, जेवले का?" खाली दोन बटणं: 'हो' आणि 'चहावरच आहो'.

मी निर्लज्जपणे 'हो' दाबलं.

लगेच दुसरा प्रश्न: "मंग भाजी कोणती होती?"

मंडळी, एकट्यापुरती झटपट होणारी भाजी सुचवा. पोरगी पडद्यावर थांबली आहे.