मंगळावरच्या श्रुतिकेचं रसग्रहण

मुलुंडच्या आमच्या वाचनालयात दरवर्षी रसग्रहणाची स्पर्धा व्हायची. जिंकणाऱ्याला कप नाही, फुलदाणी नाही. त्या वर्षी वाचनालयात येणारी नवी पुस्तकं निवडायचा हक्क मिळायचा. पंचवीस पुस्तकं, एकट्याच्या पसंतीची. हा रिवाज कुणी पाडला ठाऊक नाही, पण तोवर जिंकलेले सगळे पुरुष होते आणि सगळ्यांना संतचरित्रांची गोडी होती. कपाटं त्यांनी भरली होती. सतराव्या वर्षी मला त्या कपाटांचा इतका राग यायचा की पुस्तक परत करताना मी ते टेबलावर जरा आपटूनच ठेवत असे. ती पंचवीस पुस्तकं मला हवी होती. त्यासाठी मी कुणाशीही भांडले असते.

मी विषय सांगितला तेव्हा घरात हसं झालं. दर बुधवारी संध्याकाळी रेडिओवर एक श्रुतिका लागायची, मंगळावर एकट्या राहणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाची. तिचंच रसग्रहण करणार, म्हटलं.

"कविता घे, नाट्यपद घे," बाबा म्हणाले. "आकाशात उडणाऱ्या माणसांचं कसलं गं रसग्रहण?"

बाबांच्या लेखी रेडिओ बातम्यांसाठी होता, फार तर नाट्यसंगीतासाठी. पण बुधवारी त्यांना कचेरीतून यायला उशीर व्हायचा. मग रेडिओवरचं विणलेलं झाकण आई बाजूला सारायची आणि शेजारच्या मालवणी काकी निवडायची भाजी घेऊन उंबऱ्याशी टेकायच्या. काकींचे यजमान गिरणीत होते आणि मुलगा बोटीवर खलाशी. त्याचं पत्र महिन्या-दीड महिन्याने यायचं. ते मीच वाचून दाखवायची, कारण काकींना अक्षरओळख नव्हती.

त्या श्रुतिकेत काय होतं म्हणता? इतरांच्या विज्ञानकथांत यंत्रं धडधडायची आणि शास्त्रज्ञ भाषणं ठोकायचे. इथे मंगळ होता, पण ऐकू यायचं ते स्वयंपाकघर. शास्त्रज्ञाची आई पृथ्वीवर, म्हणजे कुठल्याशा गावातल्या आपल्या घरात, तांदूळ धुता धुता यंत्रातून विचारायची, "जेवलास का रे?" तिचा आवाज तिकडे पोचून उत्तर परत यायला अर्धा तास. लेखकाने हे अंतर समजावून सांगितलं नाही. त्याने बाईला तांदूळ धुवायला लावले, चूल पेटवायला लावली, शेजारणीशी दोन शब्द बोलायला लावले; आणि भात शिजत आल्यावर कुठूनसा बारीक आवाज आला, "हो आई, आत्ताच." मंगळ किती लांब आहे ते मला त्या भातावरून कळलं, शाळेत तीन वर्षं भूगोल शिकून कळलं नव्हतं. पुढे पुढे ती उत्तराची वाट न बघता दुसरा प्रश्न विचारू लागते. मग उत्तरं भलत्याच प्रश्नांना लागतात. ऐकताना आम्ही हसायचो, आणि हसता हसता आईचे डोळे भरून यायचे. असं लिहिणारा माणूस मोठाच, असं माझं ठाम मत होतं, आणि मतं बदलायची मला सवय नव्हती.

स्पर्धेच्या दिवशी खोली भरली होती. पुढे खुर्च्यांवर कमिटी, मध्ये बाबांसकट पुरुषमंडळी, मागे सतरंजीवर बायका. त्यांत आई आणि काकीही होत्या. परीक्षक म्हणून एक निवृत्त हेडमास्तर होते. संस्कृताचे गाढे जाणकार, आणि रागावले की चष्मा काढून हातात धरायचे.

"लेखक कोण?" त्यांनी सुरुवातीलाच विचारलं.

"माहीत नाही, सर."

"म्हणजे?"

"आमचा रेडिओ तापायला वेळ लागतो. तो तापेपर्यंत नाव सांगून झालेलं असतं."

खोली खदखदून हसली. मी मात्र खरं तेच सांगितलं होतं. दर बुधवारी आम्ही वेळेवर बटण फिरवायचो आणि दर बुधवारी नाव हुकायचं. पाच मिनिटं आधी लावावा हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

मी बोलू लागले. तांदळाचं सांगितलं, भाताचं सांगितलं. माणसं ऐकू लागली, हे मला पुढच्या रांगेतल्या पानदानावरून कळलं. ते फिरायचं थांबलं. मग मी शेवटाकडे आले. "मुलगा म्हणतो, आई, मंगळ आता पृथ्वीपासून लांब जातोय, उत्तरं पोचायला आणखी वेळ लागेल. तेव्हा आई म्हणते, तू बोलशील तेव्हा मी..."

आणि पुढचं गेलं. साफ गेलं. आठवडाभर घोकलेलं वाक्य, जिभेवर काही येईना. हेडमास्तरांनी चष्मा काढला.

"यासाठीच संहिता लागते," ते म्हणाले. "कानावरून वाहून गेलेल्याचं रसग्रहण होत नाही. बसा."

मी बसले नाही. उभीच राहिले. गेली पंचवीस पुस्तकं, असं मनात म्हणते आहे तोच मागून आवाज आला.

"तू बोलशील तेव्हा मी दुसऱ्याच कामात असेन. तरी बोल. हातातलं भांडं खाली ठेवीन आणि ऐकेन."

काकी. घरात-दारात मालवणीशिवाय शब्द न बोलणाऱ्या काकींनी अक्षर न अक्षर बरोबर म्हटलं, त्या आईच्याच सुरात. मग पदर डोक्यावर ओढून खाली बघत बसल्या.

हेडमास्तर उठून सतरंजीपर्यंत गेले. "बाई, हे लिहून ठेवलं होतं का तुम्ही?"

"माका लिवाक-वाचूक येणा नाय," काकी म्हणाल्या. "एकदा आयकलंय. मनात रवला."

"एकदाच?"

"पोरगो बोटीर आसा माझो. कसा इसरतलंय?"

हेडमास्तर परत खुर्चीशी आले ते चष्मा लावूनच. "ज्या लेखनाला कागद लागत नाही," ते म्हणाले, "त्याला मी संहिता कसली मागतो?" आणि मला म्हणाले, "पुढे बोला." मी बोलले! अडखळले नाही, थांबले नाही. तो लेखक भिंतीपलीकडून ऐकत असल्यासारखी बोलले. निकाल लागला तेव्हा टाळ्यांची सुरुवात सतरंजीवरून झाली. आमच्या घराण्यातलं ते पहिलं बक्षीस होतं आणि मला वाटलं, आता मुलुंडभर पेढे वाटावेत. घरी जाताना बाबा भेटेल त्याला सांगत होते की विषय त्यांनीच सुचवला होता. मी त्यांना खोडून काढलं नाही. जिंकलेल्याने थोडं उदार असावं.

दुसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन मी काकींकडे गेले. पंचवीसच्या पंचवीस पुस्तकांची नावं मनात तयार होती, तरी विचारलं, "काकी, तुम्हाला कुठलं हवं?"

"माझी कसली मस्करी करतंस गो?"

"मस्करी नाही. सांगा."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाल्या, "पोरगो लांब गेललो आसा, असल्या आवशीचा कायतरी आसात तर बघ. तू वाच. मी आयकतंय."

मी मनातली सगळी नावं एकेक घर खाली सरकवली, शेवटचं गाळलं आणि पहिली ओळ काकींच्या पुस्तकासाठी, लांब गेलेल्या मुलाच्या आईच्या गोष्टीसाठी, मोकळी सोडली. ते शोधायला मला तीन आठवडे लागले. तोवर यादी दिली नाही, आणि कमिटी थांबली.